सगळ्यांना बारा दाते

कालिंदीनं सायकल कार्यशाळेच्या दारात आडवी टाकली. ठेवली नाही, टाकली.

"मोड ही. खिळे कर तिचे."

शर्वरीआत्या पंप दुरुस्त करत होती. मंगळावरच्या त्या वस्तीतली सगळी यंत्रं तिच्याच हाताखालून जात. तिनं मान वर केली नाही. "आधी उचल. मग बोल."

कालिंदीनं सायकल उचलली, पण तोंड फुगलेलंच. वरच्या दवाखान्यात औषधं पोचवणाऱ्या मुलांच्या तुकडीची निवड चालली होती. बोगद्याचा चढ चढायचा, पेटी द्यायची, उतरून यायचं. प्रमुख बारटक्केकाका तसल्याच सायकलवर सरसर वर गेले. कालिंदी अर्ध्या चढावर अडली आणि सगळ्यांदेखत कलंडली. काका हसले. "पायात जीव नाही पोरीच्या. भाजीघरात पाठवा हिला." आता संध्याकाळी शेवटची संधी.

"चढ तोच, सायकल तीच. मग ते जातात आणि मी का नाही?"

"दाते मोज," आत्या म्हणाली.

"पुढच्या चकतीला अठ्ठेचाळीस. मागच्या चकतीला बारा."

"पुढची एकदा फिरली तर मागची किती फिरेल?"

"चारदा."

"आणि तिच्याबरोबर चाकही चारदा. चाकाच्या एका फेऱ्यात दोन मीटर, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात तू आठ मीटर जातेस. हे चार म्हणजे तुझं गिअर गुणोत्तर (पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागून येणारा आकडा). आकडा मोठा तर मजल लांब, पण पायांना जोरही तेवढाच जास्त लागतो. बारटक्क्यांच्या मांड्या बघ आणि तुझ्या काड्या बघ."

"मग मला बाराची चकती दिली कुणी?"

"वाटपानं."

वस्तीत पाणी, भाकरी, पांघरूण सगळं सगळ्यांना सारखं मिळे. वस्ती वसवणाऱ्या पहिल्या माणसांनी चकत्याही तशाच वाटल्या. इथं वजन पृथ्वीपेक्षा कमी भरतं, तेव्हा चढ सगळ्यांना सोपा जाईल, असा त्यांचा हिशेब. पोरांचे पाय कुणी पाहिलेच नाहीत.

कालिंदीची कानशिलं तापली. म्हणजे जीव तिच्या पायात होता. तिनं खण उपसला, चोवीस दात्यांची चकती काढली आणि मागच्या चाकाला आवळली. "आता गुणोत्तर दोन. बघतेच."

"उताराचं काय?"

"उतार काय, आपोआप होतो."

"जा मग," आत्या म्हणाली.

चढ ती हसत चढली. उतारावर मात्र सायकल सुटली. चाक भिरभिरलं तशी पायडलं भिरभिरली, पाय निसटले, पायडलनं नडगी सोलली. शेवटी भिंतीला घासत ती कशीबशी थांबली आणि लंगडत परत आली.

"तुला माहीत होतं."

"होतं. विचारलंही होतं. तू ऐकलंस?" आत्यानं तिच्या नडगीला पट्टी बांधली, तीही जरा जोरातच. "ही फिक्स्ड गिअरची सायकल (चाक फिरतंय तोवर पायडलही फिरणारच, अशी). पाय स्थिर ठेवून उतरायची सोय हिच्यात नाही. ती सोय करणारा भाग इथल्या धुळीनं जाम व्हायचा, म्हणून काढला. ब्रेक म्हणजेही तुझे पायच, पायडल मागे दाबून धरायचं. चारवर ते दाबून धरायलाही जड. दोनवर त्याच वेगाला पाय दुप्पट फिरवावे लागतात."

कालिंदी धुसफुसत बसून राहिली. चार चढावर मारतो, दोन उतारावर. चकती तर एकच लावता येते. मग चढासाठी वेगळी आणि उतारासाठी वेगळी शोधण्यात अर्थच नाही. दोन्हीकडे थोडा थोडा त्रास देईल, पण पाडणार नाही, अशी हवी. तिनं पुन्हा खण उपसला.

"सोळा. म्हणजे गुणोत्तर तीन."

आत्यानं पाना तेवढा पुढे केला.

संध्याकाळी चढावर छाती फुटायची वेळ आली, पण पायडल थांबलं नाही. उतारावर वेग वाढायच्या आधीच, अगदी माथ्यापासून, तिनं पायडल मागे दाबत ठेवलं. ती खाली पोचली तेव्हा दोन्ही पाय पायडलवर होते.

बारटक्केकाकांची नजर मागच्या चाकावर गेली. "ही वाटपातली चकती नाही. तू बाद."

"मग तुमच्याच मापाचे बूटही वाटा सगळ्यांना," कालिंदी म्हणाली. "पोरं पडली की म्हणा, पायात जीव नाही."

मागे उभी असलेली नापास पोरं वाकून आपापल्या चकत्या मोजू लागली. "माझेही बाराच," कुणीतरी म्हणालं. काकांनी एकेकाच्या पायांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"औषधं पोचली?" त्यांनी बिनतारीवर दवाखान्याला विचारलं.

"पोचली. बाटल्या शाबूत आहेत."

"घ्या हिला तुकडीत," ते घुश्शातच म्हणाले आणि निघून गेले. माफी कुणी मागितली नाही, आणि कालिंदीचा रागही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी कार्यशाळेत पोरांची ही गर्दी. आत्या करवादत होती. कालिंदी एकेकाला चढावर नेऊन, उतरवून आणून, त्याच्या पायांना सोसेल ती चकती बसवत होती. दक्षिणेच्या वस्तीकडे नवा बोगदा खणला जात होता, त्याची घरघर जमिनीतून तळव्यांना जाणवत होती.

"आत्या, तिथला चढ कसा असेल?"

"अजून कुणी चढलेलं नाही," आत्या म्हणाली. "तू चढ आणि मला येऊन सांग."