पुलापाशी बसलेला योद्धा

व्हिडिओ गेममधल्या चुका शोधणं हे तिचं काम. ऑफिसात तिला सगळे ‘चिकट’ म्हणत, कारण एकदा चूक हाती लागली की ती तिचा पिच्छा सोडत नसे. दिवसभर तोच खेळ खेळायचा, त्यातल्या योद्ध्याला भिंतींवर आपटायचं, दरीत ढकलायचं आणि कुठे काही बिघडतंय का ते बघायचं.

योद्ध्याचा चेहरा चित्रकारांनी घडवलेला, पण त्याचं चालणं, धडपडणं, मरणं सगळं तिच्या दादाचं होतं. दादा नट. अंगाला घट्ट बसणारा काळा पोशाख घालून, त्यावर हालचाली टिपणारे सेन्सर चिकटवून तो महिनोन्‌महिने स्टुडिओत मरत होता. कधी भाल्याने, कधी आगीत, कधी पाण्यात. “आणखी एकदा, जरा जीव ओतून,” साहेब काचेपलीकडून म्हणायचे आणि दादा पुन्हा मरायचा. काम संपलं आणि दादाही संपल्यासारखा झाला. खिडकीखाली भिंतीला पाठ टेकून, गुडघे छातीशी घेऊन बसून राहायचा. बोलणं बंद, खाणं नावापुरतं. डॉक्टर झाले, औषधं झाली. वहिनीने अजून हात टेकले नव्हते, एवढंच.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर ती खेळातल्या पुलापाशी पोचली. पुलावरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याला मारल्याशिवाय पुढे जाता येत नसे. तिने बटण दाबलं. योद्ध्याने तलवार उपसली नाही. कठड्याला पाठ टेकून तो खाली बसला आणि त्याने गुडघे छातीशी ओढून घेतले.

तिने पुन्हा बटण दाबलं. तो उठला नाही.

तिने योद्ध्याच्या हालचाली जुळवणाऱ्या अॅनिमेटरला हाक मारली. त्याने हालचालींची यादी दोनदा तपासली.

“असं बसणं आपण बनवलेलंच नाही. हे आलं कुठून?”

“कुठून का येईना, काढून टाका,” साहेब म्हणाले.

गेम नव्याने टाकला. योद्धा पुलापर्यंत नीट आला आणि बसला. संगणक बदलला. तरी बसला. आता त्याचे खांदे गदगदत होते.

साहेब वैतागले. “उद्या हा पुसून टाकू. दुसरा नट बघा.”

जो तो आपापल्या जागेवर गेला. ती एकटी पडद्यासमोर उरली. हेडफोनमधून श्वास ऐकू येत होता, ओला, दमलेला. लहानपणापासून ओळखीचा.

“दादा?”

योद्ध्याने मान वर केली.

“मारायचं नाहीये ना तुला कुणाला?”

त्याने मान हलवली. नाही.

“मग नको मारूस. जा तू.”

तिने हातातला कंट्रोलर टेबलावर ठेवला.

योद्धा उठला. तलवार त्याने नदीत सोडून दिली. पहारेकरी घाबरून मागे सरकला, तसा योद्धा त्याच्यापुढे वाकला आणि म्हाताऱ्याचा हात त्याने आपल्या खांद्यावर घेतला. दोघं सावकाश पूल ओलांडू लागले. पलीकडे अजून काही बनवलेलंच नव्हतं, नुसतं धुकं होतं. त्यात शिरताना योद्धा हसला. अगदी मोकळं, दादाचं जुनं हसू.

मग पडद्यावर रिकामा पूल राहिला. तिने सगळी बटणं दाबून पाहिली. कुणी आलं नाही.

फोन वाजला.

“वन्सं, लवकर या! हे उठले हो!” वहिनीला रडू आवरत नव्हतं.

ती धापा टाकत घरी पोचली. दादा खोलीच्या मधोमध ताठ उभा होता. दाढी केलेला, इस्त्रीचा सदरा घातलेला.

“दादा, बरं वाटतंय?”

“हो.”

“अरे, मग बस ना.”

तो बसला.

“सांगेन ते सगळं ऐकतायत,” वहिनी डोळे पुसत म्हणाली. “जेवा म्हटलं, जेवले. मी थांबा म्हणेपर्यंत जेवतच होते.”

दादा पापणी न हलवता बहिणीच्या, कंट्रोलर चालवणाऱ्या हातांकडे बघत होता.

“आता कुठे?” त्याने विचारलं.