भोंगा झाला की उठव

काच खाली कर, हितेश. आधी काच खाली कर, मग काय ते बोल. गाडी बंद कर. चावी दे इकडे. दीपाली, तूपण उतर. अंगणात उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवून, चारी काचा लावून, भाऊ-बहीण एसी खात बसलेत! लाइट गेली तर गेली. ओटीवर चटई टाकलीय, तिथं बसा. उकडून कोणी मेल्याचं मासवणात मी तरी ऐकलेलं नाय.

हसू नका. गोमाकाका म्हातारा झाला, त्याला नव्या गाड्यांतलं काय कळतं, हेच ना? तुमी पाळण्यातपण नव्हता तेव्हापासून मी मनोर-पालघर जीप मारलीय. बसा आता. लाइट येईपर्यंत एक सांगतो. आपल्या खालच्या पाड्यावरच्या अंकुशची. त्याच्याच तोंडून ऐकलेली हाय, आणि तो काय रचून सांगणारा माणूस नाय. त्याच्याकडून दोन शब्द काढायचे तर चहा पाजावा लागतो.

अंकुशनं जुनी गाडी घेतली आणि तारापूरच्या एमआयडीसीत एका कंपनीला लावली. काम सोपं. दुसरी पाळी रात्री अकराला सुटते, तेव्हा लॅबमधली चार माणसं उचलायची आणि पालघरला घरोघर सोडायची. अशा पंधरा-वीस गाड्या गेटसमोर ओळीनं लागतात. ड्रायव्हर लोकांनी दिवसभर दुसरी भाडी मारलेली असतात, त्यामुळे नऊ-दहापासूनच डोळे मिटायला लागतात. मग त्यांच्यात एक रीत हाय. शेजारच्या गाडीवाल्याला सांगायचं, "मी पडतो जरा, भोंगा झाला की उठव." तो 'हो' बोलला की विषय संपला. तू बिनघोर झोपायचं, तो जागा राहणार. उद्या तो झोपणार, तू जागणार. आता तुमी बोलाल, मोबाइलमध्ये गजर लावायचा. लावतात ना. आणि झोपेतच बंद करतात.

अंकुशच्या शेजारी रोज नवशाची गाडी लागायची. मंगळीचा नवरा नवशा. त्याला गाडी मीच शिकवलेली. गुणाचा पोरगा. सदा बोटं मोडत बसायचा, कटकट कटकट, मी ओरडायचो त्याला. पण झोपलेल्या माणसाला उठवायचं ते असं, की आई लेकराला उठवेल. खांद्यावर हात ठेवायचा, "ऊठ रे, भोंगा झाला." कोणाच्या बाबतीत कधी विसरला नाय.

मे महिन्यातली रात्र होती. नवशा बोलला, "अंकुश, पडतो जरा. उठव." अंकुश बोलला, "हो." नवशानं काचा लावल्या, एसी चालू केला आणि आडवा झाला.

भोंगा झाला. अंकुशची माणसं त्या दिवशी नेमकी पळतच आली, कोणाला तरी घाई होती. गाडीत बसली, "चला चला" करायला लागली. अंकुशनं शेजारी बघितलं. नवशा गाढ झोपलेला. अंकुशला वाटलं, त्याची माणसं येतीलच आता, ती उठवतील. त्यानं गाडी काढली आणि गेला.

नवशाची माणसं आलीच नाय. त्यांना ओव्हरटाइम लागला होता. सकाळी साफसफाईवाल्यानं काच वाजवली, तेव्हा आतला माणूस कधीच गार झाला होता. त्यात गाडीचा सायलेन्सर फुटलेला. गाडी पळत असली की धूर मागे जातो. उभ्या गाडीत इंजिन चालू राहिलं की तोच धूर खालून आत शिरतो. त्या वायूला ना वास ना रंग. डॉक्टर बोलले, झोपेतच गेला, त्याला काय कळलंपण नसेल.

सगळ्या गावाला वाटलं, त्याचं नशीब. अंकुश 'हो' बोलला होता हे दोघांनाच माहीत होतं. एक गेला. दुसऱ्यानं तोंडाला कुलूप लावलं. मयताला आला, खांदा दिला, डोळ्यांत पाणी नाय. घरी जेवायचा, गाडी मारायचा, झोपायचा. बायको बोलायची, याला चिमटा काढला तरी कळत नाय. एकच बदललं. तो कोणाला 'उठव' सांगत नव्हता, आणि कोणी सांगितलं तर मान हलवून नाय म्हणायचा.

बाकीचे ड्रायव्हर महिनाभर काचा उघड्या टाकून झोपले. मग डास आले. एकानं काच लावली, दुसऱ्यानं लावली. झालं पहिल्यासारखं. आपल्या लोकांची भीती महिनाभर टिकते, वर नाय.

आता पुढचं वर्ष. दसरा झाल्यानंतरचा शुक्रवार. अमावास्या-बिमावास्या काय नाय हां दीपाली, टिपूर चांदणं होतं. त्याच आठवड्यात अंकुशची गाडी आपल्या पुलाजवळच्या गतिरोधकाला खालून घासली आणि सायलेन्सरला भोक पडलं. गाडी ट्रॅक्टरसारखी ओरडायला लागली. गॅरेजवाला बोलला, दोन दिवस ठेव, नवा पाइप मागवतो. अंकुशनं काय करावं? तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, भोकावर गुंडाळला, तारेनं आवळला. आवाज बंद झाला म्हणजे काम झालं! नवशाचं सगळं डोळ्यांनी बघितलेला माणूस हा. मी त्याला विचारलं, मेल्या, तुझी अक्कल कुठं गेली होती? तो बोलला, "काका, मला तेव्हा कशाचंच काय वाटत नव्हतं."

दोन दिवस त्याचं डोकं धरत होतं. तो बाम चोळायचा. ते बामानं थांबणारं डोकं नव्हतं.

त्या शुक्रवारी तो लवकर पोचला. ओळीच्या टोकाला, झाडाखाली गाडी लावली. ओळीतून मोबाइल चोरीला जातात म्हणून चारी दारं लॉक केली. डासांसाठी काचा वर. एसी चालू. सीट मागे पाडली. कोणाला काय सांगितलं नाय.

आधी डोकं ठणकत होतं. मग ठणकायचं थांबलं. बरं वाटलं त्याला. मग पाय जड झाले, मग पाय हायत की नाय तेच कळेना. हातांचंपण तसंच. समोर गेटवरचा दिवा दिसत होता. तो बारीक होत चालला होता.

आणि गाडी हलली.

स्प्रिंगचे पाटे जुने झालेल्या गाडीत मागे कोणी बसलं की ती कशी एका अंगाला दबते? तशी दबली. मागे, डाव्या बाजूला. दार वाजलं नाय. लॉक तसंच होतं.

मग आवाज आला. कट... कट... कट...

बोटं मोडल्याचा.

अंकुशला मान वळवायची होती. मान वळली नाय. वरच्या आरशात बघितलं. आरशात मागची सीट होती. सीटवर चांदणं होतं. बास.

"थंड हाय रे गाडी तुझी."

आवाज नवशाचा. रोज बोलायचा तसाच. रागाचा नाय, कशाचाच नाय.

अंकुश मला बोलला, काका, मी घाबरलो नाय. खरंच असेल. भीती वाटायला माणूस जागेवर असावा लागतो ना.

एसीचा आवाज तेवढा...

"अंकुश."

...

"त्या रात्री तू मला हाक मारलीस का रे?"

...

अंकुशला बोलायचं होतं. नाय मारली. एवढंच. दीड वर्ष ते गळ्यात अडकून होतं, बायकोला सांगितलं नाय, आईला सांगितलं नाय. आता सांगायचं होतं तर जीभ हलेना. जीभ तोंडात नुसती पडलेली. दुसऱ्या कोणाची असल्यासारखी.

...

"मारली असशील," नवशा बोलला. "माझीच झोप जड."

...

मग खांद्यावर हात आला. हलका. त्या हाताला वजन होतं, ऊब नव्हती.

"झोप तू. भोंगा झाला की मी उठवतो."

काय झालं हितेश, तोंड का उघडं तुझं? पाणी पी. मीपण पितो घोटभर.

अंकुशला तेव्हा एकच कळलं. हा मला उठवणार नाय. का उठवेल? मी उठवलं नाय त्याला. तो मला नेणार. आणि याच्यावर त्याच्या मनात काय आलं असेल? बरं झालं, असं आलं. फिटलं एकदाचं. घरी बायको हाय, तीन वर्षांची पोरगी हाय, सगळं माहीत होतं त्याला. लांब कुठंतरी, दुसऱ्याच्या घरात असल्यासारखं माहीत होतं. त्यानं डोळे मिटले.

भोंगा झाला.

त्यानं ऐकला. गोधडीत तोंड घालून ऐकावा तसा. वाजला... वाजला... थांबला.

कोणी हाक मारली नाय.

शांत.

मग काहीच नाय.

...

"अंकुश."

कानाशी.

"ऊठ रे."

...

"भोंगा झाला. ऊठ."

...

आणि मग एक आवाज. किच्च... किच्च... गंजलेलं काहीतरी फिरत होतं. जोर लावून. थोडं थोडं. काच रबरात घासत होती...

हवा आली. गरम, घाण, डासांसकट. अंकुशच्या छातीत ती खिळ्यासारखी घुसली. त्याला उलटी झाली. उलटी झाली तेव्हा कळलं, आपल्याला पोट हाय.

मागून एक हात आत आला. दारावर चाचपत, लॉक शोधत. अंकुश ओरडला असेल, आवाज काय निघाला नाय. हातात बांगड्या होत्या. लॅबमधल्या चारुता मॅडम. त्यांनी उघड्या काचेतून हात घालून मागचं दार उघडलं, आत वाकल्या, पुढे हात लांबवून चावी फिरवली. इंजिन बंद झालं. वॉचमन धावत आला, "अरे, पहले इसको बाहर निकालो, बाहर!" दोघांनी ओढून त्याला रस्त्यावर आडवं केलं. बोईसरच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला. डॉक्टर बोलले, थोडा उशीर झाला असता तर आमच्या हातात काय नव्हतं. गाडी खालून बघितली तर पत्रा तारेतून निसटून लोंबत होता.

दुसऱ्या दिवशी चारुता मॅडम भेटायला आल्या. बोलल्या, "नशीब दादा, मागची काच पूर्ण खाली होती तुमची. नाहीतर मी बाहेरून नुसती टकटक करत बसले असते."

अंकुश तेव्हा रडला. मयताला नाय रडला तो दवाखान्यातल्या खाटेवर, सगळ्यांसमोर, पोरासारखा. बायकोला काय कळेना. मॅडम घाबरून नर्सला बोलवायला गेल्या.

सुट्टी मिळाल्यावर आधी घरी नाय गेला. मंगळीकडे गेला. ती दारात बसून तांदूळ निवडत होती. याला बघून बोलली, "ये भाऊ, बस." हा बसला नाय. उभ्यानंच सगळं सांगितलं. नवशा 'उठव' बोलला होता, मी 'हो' बोललो होतो, आणि मी हाक मारली नाय.

मंगळीचे हात सुपात थांबले. शिव्या दिल्या नाय, रडली नाय.

"मला वाटायचं, तू मारली असशील," ती बोलली.

मग तिनं सूप बाजूला ठेवलं, आत गेली, तांब्या आणून त्याच्यापुढे ठेवला. बोलली, पाणी पिऊन जा, आजारातून उठलास. तो प्यायला. अंकुश बोलतो, काका, तिनं चपलेनं मारलं असतं तर सोपं गेलं असतं.

आता काचेचं सांगतो, मग उठा. लाइट येवो न येवो, झोपा.

ती डावीकडची मागची काच. अंकुशची गाडी जुनी, मागच्या काचा हातानं फिरवायच्या. त्या दाराचं हँडल त्यानं गाडी घेतली तेव्हापासून नव्हतंच. नुसती लोखंडी खुंटी, बोटाच्या पेराएवढी, गंजून काळी पडलेली. ती काच त्याच्याकडे एकदापण उतरली नव्हती. दवाखान्यातून आल्यावर गॅरेजवाल्यानं नवा सायलेन्सर बसवला आणि काच वर घ्यायला खुंटीला पकड लावली. खुंटी हलेना. तेल सोडलं, दोघांनी मिळून जोर लावला. पकड सटकली, खुंटी हलली नाय. अजूनपण ती काच खालीच हाय. पावसाळ्यात अंकुश तिथं प्लास्टिक लावतो.

गॅरेजवाल्यानं हात लावायच्या आधी अंकुशनं मला बोलावलं होतं. मी गेलो. बॅटरी मारून बघितलं. काळ्या खुंटीवरचा गंज सगळा निघालेला, खाली सीटवर त्याची लाल पूड पडलेली. पकडीनं निघाला असता तर दातांचे चरे पडले असते. चरे नव्हते. मी बोट लावून बघितलं. गुळगुळीत होती, आणि कडेला लोखंडात उमटलेल्या, बोटांच्या ठशांच्या बारीक बारीक रेषा होत्या.