साबणाचा पडदा

आमच्या प्रयोगशाळेत धुरांड्यातल्या कार्बन डायऑक्साइडचं इंधन करतात. ऐकायला भारी वाटतं; माझं काम एवढंच, की भांड्यात वायू किती शिरतो आणि किती बाहेर पडतो ते बघायचं. यंत्राच्या आकड्यावर मी डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. बाहेरच्या वाटेवर काचेची उभी नळी लावते, तिच्यात साबणाचा पातळ पडदा सोडते. वायू त्याला ज्या वेगाने वर ढकलेल, तो खरा वेग.

शेजारच्या खोलीत माझा थोरला भाऊ काचसामान जोडतो. आई गेल्यावर त्यानेच मला वाढवलं. त्याच्याशिवाय मला कोणी नाही. साहेबांसमोरसुद्धा तो मला 'चिमणे' म्हणतो, आणि माझी पार शोभा होते.

त्या दुपारी वायूची टाकी बंद करून मी नळी धुवायला निघाले होते. तेवढ्यात पडदा वर गेला. मग खाली आला.

टाकी बंद असताना हे होऊच शकत नाही. मी सगळे जोड तपासले, पंखा बंद केला, खिडकी लावली. पडदा संथपणे वर जात होता, खाली येत होता. मध्येच त्याने दोन हिसके दिले. त्याच क्षणी भिंतीपलीकडे दादा दोनदा खोकला.

मी भिंतीकडे तोंड करून हाक मारली.

"दादा, जरा श्वास रोखून धर ना."

"आता हे काय खूळ?"

"धर रे."

पडदा नळीच्या मध्यावर थांबला.

"झालं का, चिमणे?" तो हसला. पडदा थरथरला.

मी भयंकर घाबरले. गळती दिसली की आधी झडप बंद करायची, ही हाताची सवय. मी नळीखालची झडप घट्ट पिळली.

पलीकडे काच फुटली. पाठोपाठ काहीतरी जड पडलं.

झडप केसाकेसाने उघडायची, हे मीच सगळ्यांना शिकवते. मी ती एका झटक्यात पूर्ण उघडली.

पडदा सुसाट वर गेला आणि नळीच्या तोंडाशी फुटला. मी दुसरा सोडला.

तो हलला नाही.

"दादा?"

तो दारात आला, बाहीवरचे काचेचे तुकडे झटकत. "पाय घसरला गं. रडतेस कशाला?"

मी त्याला घट्ट मिठी मारली. तो वाकून माझी समजूत घालत राहिला.

माझ्या कोटाच्या खिशाला खोलीतला कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र असतं. कोणी त्याच्याजवळ बोललं, की नुसत्या श्वासाने आकडा चढतो. दादाचं तोंड अगदी त्याच्यावर होतं.

मी माझा श्वास रोखला.

दादा बोलत होता. आकडा उतरत होता.