समेवर खाली

"इतक्या वर्षांनी बँड जमवायचा, आणि तोही गाद्यांच्या गोडाऊनमध्ये. पाठीची सोय झाली. कानांचं काय ते नंतर बघू."

दत्तोबा बास गिटारच्या खुंट्या पिळता पिळता स्वतःशीच पुटपुटला. गालात लवंग असायची, त्यामुळे त्याचा प्रत्येक शब्द जरा सुजूनच बाहेर पडायचा. विजयमाला त्याच्या कोपराला कोपर लागेल इतक्या जवळ, पायपेटीपुढे बसली होती. तिने ऐकलं आणि ऐकलंच नाही असं केलं. इतक्या वर्षांच्या संसारात एवढा सराव होतोच.

घरात ती त्याला अहो म्हणायची, वाजवायला बसलं की दत्तोबा. बँडमध्ये नवरा-बायको नकोत, हे लग्न ठरलं तेव्हा तिनेच ठरवलेलं.

गोडाऊन शहेजादचं. बिबवेवाडीत त्याच्या वडिलांचा गाद्यांचा धंदा होता. तो बसला तेव्हा शहेजादने उरलेल्या गाद्या भिंतींना ठोकल्या आणि त्या जागेला स्टुडिओ म्हणायला लागला. दार लावलं की बाहेरचे हॉर्न, भाजीवाल्याचा भोंगा, सगळं तोंडावर उशी दाबावी तसं बंद व्हायचं. आत फक्त काथ्याचा वास, आणि जुना कॉम्प्युटर तापला की त्यातून येणारा जळक्या धुळीचा.

कॉलेजात असताना ते जे वाजवायचे त्याला जाणकार प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणायचे. बाकीचे म्हणायचे, कधी संपणार? त्यांची सगळ्यात लांब रचना सात मात्रांच्या तालात होती. ती रंगरावची. रंगराव ड्रम वाजवायचा, पण हात तबल्यावर तयार झालेला, म्हणून त्याने त्यात रूपक ताल आणून बसवला. बाकी तालांत पहिल्या मात्रेवर, समेवर, ठाशीव आघात येतो. रूपकात समेवरच खाली असते. टाळी द्यायची नाही, हात नुसता बाजूला उघडायचा. त्यांच्या रचनेत त्या मात्रेवर चौघंही गप्प व्हायचे. ऐकणाऱ्यांना वाटायचं, वीज गेली.

मधली शांतता चुकू नये म्हणून रंगराव तिथे पुटपुटायचा, "खाऽली." खा लांब ओढून, ली हळूच खाली ठेवून.

गेल्या श्रावणात रंगराव गेला. कात्रजला, झोपेत. त्याच्या तेराव्याला तिघं भेटले आणि कोणीतरी म्हणालं, एकदा नीट रेकॉर्ड करून ठेवायला हवं. आता त्याच्या जागी ड्रम मशीन होतं. शहेजादने त्यात सातांपैकी सहा मात्रा भरल्या होत्या. पहिली मोकळी.

आज शनिवार. सोमवारी दत्तोबाच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. त्याआधीच रेकॉर्डिंग का उरकायचं, याचं कारण शहेजादने दिलं होतं की शनिवारी गल्लीत शांतता असते. बिबवेवाडीत शनिवारी शांतता असते, यावर तिघांनीही विश्वास ठेवला.

"परवा सकाळी तोंडात काही ठेवायचं नाही म्हणालेत डॉक्टर," दत्तोबा म्हणाला. "मी विचारलं, लवंगसुद्धा? म्हणे लवंगसुद्धा."

"म्हणजे तू काय बोलतोस ते जगाला पहिल्यांदा समजेल," शहेजाद म्हणाला. "चला. सुरू."

वाजवलं. विजयमालाचे गुडघे पायपेटीचा भाता मारून भरून आले. शहेजादची बोटं गिटारवर दोनदा घसरली. पण पहिल्या मात्रेवर कोणी चुकलं नाही. इतक्या वर्षांनी, बिनतालमीचं, तिघं एकदम थांबत होते आणि एकदम उचलत होते. तिला जरा अभिमानच वाटला.

मग शहेजादने ते परत लावलं.

समेवर, मोकळ्या जागेत, काहीतरी होतं. श्वासासारखं.

"वहिनी, तुम्ही मोजत होता का?"

"मी मोजते ते मनात. लग्नापासून."

शहेजादने आवाज वाढवला. खाऽली. सहा मात्रा. खाऽली.

शहेजादच्या बायकोने, कमरजहां भाभींनी, पाठवलेला चहा तेवढ्यात आला, आणि तिघांनीही तो अगदी मन लावून प्यायला.

"पायपेटीचा भाता असेल," शेवटी शहेजाद म्हणाला. "जुना आहे. सुस्कारे टाकतो."

खोलीत माईक एकच होता, पायपेटीपुढचा. बाकी सगळी वाद्यं वायरने थेट कॉम्प्युटरमध्ये जात होती. त्याने नुसता माईकचा आवाज लावला. पायपेटी वाजत होती, समेवर थांबत होती, आणि त्या थांबण्यात पंख्याच्या घरघरीशिवाय काही नव्हतं.

नुसती गिटार लावली. काही नाही. नुसता बास. काही नाही.

नुसतं ड्रम मशीन लावलं.

खाऽली.

"वायर," दत्तोबा म्हणाला.

"वायरच असणार," शहेजाद म्हणाला. त्याने खोक्यातून नवी वायर काढली, तिचं प्लास्टिक दातांनी फाडलं आणि जुनी गुंडाळून खिशात घातली. टाकून देववत नव्हती बहुतेक.

विजयमाला म्हणाली, "आज बास करू या का? उरलेलं पुढच्या महिन्यात. बरं वाटल्यावर."

बरं कोणाला वाटल्यावर, हे ती म्हणाली नाही.

"आजच करू," दत्तोबा म्हणाला. "आत्ता बोटं चालतायत." त्याने खिशातल्या डबीतून नवी लवंग काढून गालात ठेवली.

दुसऱ्यांदा वाजवताना ती त्याच्याकडे बघत राहिली. रचनेच्या मध्यावर एक संथ जागा येते, तिथे बासच एकटा चालतो आणि बाकीचे त्याच्या मागून येतात. दत्तोबाचे ओठ मिटलेले होते. लवंगेने गालावर छोटा उंचवटा आला होता. तो डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून वाजवत होता. दाराबाहेर कोणी हाक मारत असेल तर ती ऐकू यावी म्हणून करतात तशी. इतकं सुरेख त्याने तरुणपणीही वाजवलं नव्हतं.

संपल्यावर शहेजादने बटण दाबलं आणि तिघं ऐकत बसले.

रंगराव होताच. नव्या वायरीतून, पहिल्यापेक्षा स्पष्ट. आता त्याची भीतीही वाटत नव्हती. बस थांब्यावर रोज दिसणारा माणूस असतो, तितकीच त्याची दखल घेतली जात होती.

संथ जागा आली.

खाऽली. आणि त्याला लागूनच, खाली.

शहेजादचा हात कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर थांबला.

पुढच्या समेवर दोघं एकदम म्हणाले.

शहेजाद एकेक वाद्य बंद करत गेला. ड्रम मशीन बंद केलं तसा रंगराव गेला. दुसरा आवाज राहिला. गिटार बंद केली. राहिला. पायपेटी बंद केली. राहिला.

नुसता बास उरला.

खाली.

लहानसा, थकलेला, फार ओळखीचा आवाज. पण कुठेतरी वेगळा. शब्द सुजलेला नव्हता. स्वच्छ होता, तोंडात काही नसल्यासारखा.

विजयमालाने हात पुढे करून माउस स्वतःकडे ओढला. शहेजादने ओढू दिला. तिने सगळं बंद करून नुसती आपली पायपेटी लावली आणि कान स्पीकरजवळ नेला.

पायपेटी आली. सम आली.

पंख्याची घरघर.

तिने पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. मग माउस सोडून दिला आणि पदराने हात पुसला, ओला नव्हता तरी.

"पुसून टाकतो हे," शहेजाद म्हणाला. "पहिलंच चांगलं होतं. वहिनी, पहिलंच ठेवू."

"पहिलंच ठेवा," ती घाईने म्हणाली. "दुसऱ्यात... दुसऱ्यात मी चुकलेय."

ती चुकली नव्हती. कोणीच चुकलं नव्हतं.

"राहू दे," दत्तोबा म्हणाला. "वाजवलंय चांगलं."

त्याने बास मांडीवरून उतरवून गादीला टेकवला. मग दोन बोटं तोंडात घालून गालातली लवंग काढली आणि चहाच्या रिकाम्या बशीच्या कडेला ठेवली.

"अहो," विजयमाला म्हणाली. त्या खोलीत पहिल्यांदाच. "असू द्या ना ती तोंडात."

शहेजाद मान खाली घालून वायर गुंडाळत राहिला.

दत्तोबाने तिच्याकडे पाहिलं, आणि तोच लहानसा, थकलेला, स्वच्छ आवाज खोलीत आला.

"माला, दुसरा आवाज माझा आहे."