भरलेल्या जागा

विद्यापीठात आता रिकामी चौकट कुणाच्या दृष्टीस पडत नसे. प्रयोगातली एखादी नोंद राहून गेली, की 'पूरक' ती भरून टाकी. पूरक ही सगळ्या प्रयोगशाळांच्या संगणकांत बसवलेली प्रणाली. आधीचे आकडे पाहून पुढचा काय आला असता, ते ती ठरवी. अंदाज बहुधा बरोबर निघे. सुरुवातीला असे आकडे निळे दिसत. आलेख विद्रूप होतात, अशी प्राध्यापकांनी तक्रार केली आणि निळा रंग गेला.

मग संशोधकांसाठी विदा-साक्षरतेचा वर्ग सक्तीचा झाला. म्हणजे आपल्याच आकड्यांकडे डोळे उघडून पाहायला शिकायचं. तो वर्ग घेणाऱ्या यामिनी गोरक्षकर पुन्हा तेच विचारत होत्या.

"यातले मोजलेले किती आणि अंदाजाचे किती?"

"मॅडम, आकडा तो आकडाच!" डॉ. विश्राम काळसेकर वैतागले. रक्तदाबावरच्या त्यांच्या नव्या औषधाची चाचणी संपत आली होती. "हा बालवर्ग आम्हाला कशाला?"

"एका रुग्णाला फोन लावा."

"अहो, मनगटावरचा पट्टा रोज मोजतोय ना!"

"लावा तर खरं."

काळसेकरांनी चिडूनच किनवटच्या गंगाराम आत्राम यांचा नंबर लावला. पडद्यावर त्यांचा त्या सकाळचा रक्तदाब उत्तम होता. फोन सुनेने घेतला.

"मामंजी? ते तर होळीच्या आधीच गेले, साहेब. पट्टा तुमच्या माणसाला परत दिला की!"

"कशानं गेले?"

"रक्तदाब एकदम खाली आला, म्हणाले डॉक्टर. गोळी घेऊन नुकते बसले होते."

काळसेकरांनी आत्रामांच्या नावापुढे 'मृत्यू' असं लिहिलं. त्यानंतरच्या तारखांच्या चौकटी क्षणभर रिकाम्या झाल्या आणि पुन्हा भरल्या; 'मृत्यू' पुसला गेला होता. इतर सगळे रुग्ण ठणठणीत, तेव्हा हा मृत्यू म्हणजे नोंदीतली चूक, असं पूरकने ठरवलं होतं. त्यांनी पुन्हा लिहिलं. ते पुन्हा पुसलं गेलं.

"अहो, हे बंद कसं करायचं?"

"बंद करायचं तर विद्यापीठाची समिती पुरावा मागते," यामिनीबाई थकून म्हणाल्या. "आणि पुरावा म्हणून फक्त हेच आकडे चालतात."

काळसेकरांनी घाईघाईने दुसऱ्या एका रुग्ण बाईंचा नंबर फिरवला. घंटी वाजत राहिली. पलीकडून कुणी उचलेना. पडद्यावर मात्र त्या बाईंचा रक्तदाब आत्ताच नोंदला गेला होता, कालच्याहून चांगला.