डिकीतला पंप

“पंप डिकीतच बसवतो, आप्पा. खाली सायलेन्सर आडवा येतोय,” धाकटा भाचा म्हणाला.

आप्पांनी कप खाली ठेवला. गॅरेजमध्ये एकच दिवा उरला होता. थोरला भाचाही हात पुसत जवळ येऊन बसला.

“बसव. पण आधी पक्कडची गोष्ट ऐक. तो आणि मी एकाच उस्तादाचा मार खाऊन शिकलो. एकदा धरलं की सोडायचा नाही, म्हणून पक्कड.”

“भुताची आहे का?”

“पंपाची आहे. भुताचं तू ठरव.”

पक्कड तेव्हा आपल्या दाजींच्या कार्बोरेटरच्या गाडीला फ्युएल इंजेक्शन बसवत होता. जुना पंप सलाईनसारखं थेंब थेंब पाजणारा. इंजेक्शनला पिचकारीचा जोर लागतो. नवा मिळेना, म्हणून तो भंगारात गेला. पुढून पार चेपलेल्या एका गाडीचा पंप त्याला पसंत पडला.

“तो नको नेऊस,” भंगारवाला म्हणाला. “धडक बसली, इंजिन बंद पडलं, तरी हा पेट्रोल ओततच राहिला. आतला माणूस काच बडवत बडवत जळाला.”

“म्हणजे पंप दणकट आहे!” पक्कड हसला.

असला पंप ढकलण्यात वाघ, ओढण्यात शेळी. त्याला टाकीजवळ, टाकीच्याही खाली, गाडीच्या बाहेर बसवायचं. आणि इंजिन थांबलं की पंप थांबवणारा रिले घालायचा. पक्कडला हे सगळं पाठ होतं. पण बहिणीला सासरी पोचवायचं होतं आणि ती मागे लागली होती. पंप डिकीत गेला, मागच्या सीटच्या पाठीला चिकटून. वायर थेट चावीवर. रिले उद्या.

शनिवारची रात्र. साडेअकरा. चंद्र नाही. बहीण मागे बसली, शेजारी बाळाच्या सीटमध्ये पट्ट्यानं बांधलेली तिची आठ महिन्यांची पोर. पंपाची घुरघुर ऐकत पोर तेव्हाच झोपली.

“दादा, महिना झाला, मला हिला असं झोपवता येत नाही. हा पंप घरी नेते मी.”

“ने. दाजींनाही झोपवेल.”

माळावर इंजिन आचका देऊन बंद पडलं. पंप चालूच. पक्कडनं चावी काढली. चालूच. तो उतरला, डिकी उघडली, वायर हिसडली. वायर हातात आली.

पंप... चालू.

“दादा, मागून कोण ठोकतंय?”

डिकीचं झाकण आदळलं. त्याच्या डाव्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकला. हात ओढून काढला तो कातडं आतच ठेवून. खटाखट चारही दारं लॉक झाली. पेट्रोलचा वास. आत बहीण किंचाळत काच बडवत होती.

तिच्या पलीकडे आणखी कुणीतरी बडवत होतं.

कपाळानं.

धाड. धाड. काचेवर आतून रक्त. कपाळ फुटलं तरी थांबेना...

पक्कडनं उजव्या हातानं पाना हाणला. एकदा. दोनदा. काच फुटली. तो वाकला, तसं कुणीतरी कॉलर धरून त्याला आत खेचलं. काचेनं गाल फाटला. दात दिसेपर्यंत. हाताला बहिणीची वेणी लागली. ती त्यानं मुठीत आवळली आणि पाय दाराला लावून तिला तशीच बाहेर ओढली. वेणी तुटेल की मान, हे बघायला वेळ नव्हता.

“बाळ! दादा, बाळ आत...”

भडका उडाला.

तो आगीत कमरेपर्यंत घुसला. चाचपडला. पट्टा लावलेला होता. बक्कल बंद.

सीट रिकामी.

...

आणि त्यांच्या मागे, रस्त्याच्या पार पलीकडे, गवतात पोर रडली.

आप्पांनी कप उचलून उरलेला चहा संपवला.

“बहिणीनं फेकली असेल ना... काचेतून?” धाकट्यानं विचारलं.

“तिनं हातच लावला नव्हता.”

“मग पक्कडनं?”

“दवाखान्यात मी होतो. डॉक्टरीणबाईंनी पोरीचं झबलं उतरवलं. अंगावर ओरखडा नाही, भाजल्याची खूण नाही. पण दोन्ही काखांखाली काजळीचे पंजे उमटलेले. मोठ्या माणसाचे. उचलून धरल्यासारखे... एक डाव्या हाताचा, एक उजव्या.”

आप्पांनी आपला डावा हात उचलला आणि मनगट लोंबतं सोडलं.

“पक्कडचा डावा असा लोंबत होता.”