हार शेषरावांचा, गळा जानरावांचा

माझी चूक एवढीच, की मला बँकेच्या मांडवाच्या दारात फेटा दिसला आणि फेट्याखालचा माणूस मी पाहिलाच नाही.

सन अडतीसच्या थंडीतली गोष्ट. अकोल्यात जठारपेठेच्या कोपऱ्यावर आमचं फुलांचं दुकान होतं. मळा मोर्णा नदीच्या काठी. तिथं माझे बाबा, पुंजाराम माळी, शेवंती नि गुलाब लावायचे आणि दुकानात मी बसायची. मी म्हणजे शकुन. फुलं शिळी म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी असं काही ऐकवायची, की तो पुन्हा जन्मात ते म्हणत नसे.

पलीकडच्या गल्लीत शेतकऱ्यांची सहकारी बँक. दर हिवाळ्यात बँकेचा वाढदिवस व्हायचा, आणि अध्यक्ष भगवंतरावांनी त्या दिवसाची एक रीत घालून दिली होती. ज्याच्या नोकरीला पंचवीस वर्षं झाली त्याचा सत्कार करायचा, आणि त्या वर्षी नव्यानं लागलेल्या माणसाच्या हातूनच त्याला हार घालायचा. जुन्याचा मान होतो आणि नव्याची ओळख होते.

त्या वर्षीचा मान खजांची शेषरावांचा. शेषरावांचं डोकं मोठं आणि फेटा त्याहून मोठा. आदल्या वर्षी आमचा हार सत्कारमूर्तीच्या फेट्यावरच अडकला होता आणि त्या बिचाऱ्याच्या नाकावर झेंडू लोंबत होते. बाबा त्या शरमेनं कितीतरी दिवस बाजारात फिरकले नव्हते. म्हणून या खेपेला त्यांनी मला बजावलं, "शकुन, एखांदा फेटेवाला पाहून माप घे. मंगच हार आत दे."

मी गेले. अंगणात मांडव, मांडवात सभासद शेतकरी आणि त्यांच्या बाया, कोपऱ्यात बँडवाले. आणि मांडवाच्या दाराशी एक फेटेवाला, खांबाकडे तोंड करून काहीतरी पुटपुटत उभा.

"अवो फेटेवाले," मी म्हटलं, "जरा वाका बरं."

तो दचकून वळला... आणि वाकला! कशाला, काय, काही विचारलं नाही. मी हार घातला. सुळकन गळ्यात उतरला.

"बसला बरोबर!" मी खुशीत म्हणाले आणि वर पाहिलं, तर— फेट्याखाली सावळासा, तरतरीत, तरणाताठा पोरगा! माझ्याकडे असा पाहत होता, जणू मीच त्याला नोकरी दिली.

पण खरा घोटाळा पुढंच होता. बँडवाल्यांना कुणीतरी सांगून ठेवलं होतं, की गळ्यात हार पडला रे पडला की वाजवायचं. त्यांनी वाजवलं. आणि त्यांना येत होतं ते लग्नातलंच. भगवंतरावांच्या हौसेपायी सगळ्यांच्या हातात पाकळ्या नि अक्षता दिलेल्या होत्या. बँड वाजल्याबरोबर माणसांनी सवयीनं त्याही टाकल्या. आणि मागच्या रांगेतून मनकर्णामावशी, जिला हाताभरापलीकडचं दिसत नाही, तिनं खणखणीत आवाज दिला, "शुभमंगल सावधान!"

मी हार काढायला गेले तर तो त्याच्या फेट्याच्या तुऱ्यात अडकला. मी ओढते तसा तो आणखी वाकतो.

"सोडा ना!" मी दातओठ खात म्हणाले.

"म्या कुठं धरलं, बाई? तुमीच धरून राहिल्या!"

शेवटी हार निघाला तो फेट्यासकट. आणि पलीकडे मंचावर बिचारे शेषराव हात जोडून, मान पुढे काढून, कधीचे हाराची वाट पाहत उभे!

मग तोच उरलासुरला हार त्या पोरानं, बोडक्या डोक्यानं, शेषरावांना घातला. बँड वाजला नाही, अक्षता संपल्या होत्या. शेषराव पंचवीस वर्षांचं भाषण करत होते आणि सगळा मांडव एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत होता. भगवंतरावांनी नव्या कारकुनाची ओळख करून दिली, "हे जानराव. मोर्शीकडचे. घरी संत्र्याची बाग आहे, माळ्याचे चिरंजीव."

"मंग त जातीतलाच हाये!" मनकर्णामावशी म्हणाली. मांडव हसून हसून लोळला, आणि मी घरी पळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडते न उघडते तोच जानराव दारात हजर. डोक्यावर टोपी. फेट्याचा धसका घेतला असावा.

"काल जे झालं... त्यानं तुमचं नाव..." ते अडखळत सुरू झाले, "गावात चर्चा हाये. मी जबाबदार माणूस आहो. तुमची मर्जी असन त... मी लगन कराले तयार आहो."

मला असा संताप आला! आदल्या रात्री गादीवर पडल्या पडल्या मी त्यांच्या लांब पापण्या आठवल्या होत्या, हे कबूल करते. पण हे काय मागणी घालणं झालं?

"तयार आहो म्हंजे? माहं काही सांडलं-लवंडलं, अन् तुमी भरून द्याले आले काय?"

"नाई... तसं नाई..."

"तसंच हाये! मी काही कोनाच्या गळ्यात पडून नाई राहिली. हे घ्या." मी फुलांची पुडी त्यांच्या हातात आदळली. "देवाले वाहा, अन् त्याच्याजवळ थोडी अक्कल मांगा."

ते पुडी घेऊन गेले. मला वाटलं, सुटले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे!

"आता काय?"

"देवानं अक्कल नाई दिली," ते गंभीरपणे म्हणाले. "फुलं कमी पडली वाटते."

मी हसू दाबायला खाली वाकून पाणी शिंपडत बसले. हसले असते तर संपलंच होतं.

मग ते रोजचंच झालं. बँक उघडायच्या आधी जानराव यायचे.

"आज देली काय देवानं?"

"देली थोडी. पण वापराची कुठं, ते नाई सांगतलं."

"तुमच्या ब्यांकेत वापरा."

"तिथं लागतच नाई, बाई... शेषरावकाका म्हणते तसं करा लागते."

कधी फुलं निवडताना त्यांची बोटं माझ्या बोटांना लागायची. ते लगेच हात मागे घ्यायचे, आणि मग उगाच झेंडूकडे बघत बसायचे. मी त्यांना वेंधळे म्हणायची, धांदरट म्हणायची, आणि गुलाबातला सगळ्यात ताजा गुलाब पानाखाली झाकून त्यांच्यासाठी ठेवायची. एके दिवशी त्यांना यायला उशीर झाला आणि मी तीन गिऱ्हाइकांशी भांडले, तेव्हा माझं मला कळलं. मला जानराव आवडले होते. भारीच आवडले होते.

पण करणार काय? पहिल्या दिवशी मीच त्यांना झाडून काढलं होतं. त्यानंतर लग्नाचं त्यांनी अक्षर काढलं नाही. मला ते हवे होते, पण माझ्यासाठी आलेले हवे होते. गावाचं तोंड बंद करायला म्हणून कुणी माझ्याशी लग्न करणार असेल, तर मला जन्मभर कुवार राहणं परवडलं असतं.

एका संध्याकाळी बाबा म्हणाले, "शकुन, रविवारी अमरावतीचे पाहुणे तुले पाहाले येऊन राहिले. घर चांगलं हाये. पण तो ब्यांकेतला पोट्टा रोज फुलं नेते, ते मले दिसते बरं. तुह्या मनात असन त आत्ताच सांग. मी पाहुण्यायले येऊ नका म्हणतो."

"उद्या सांगते, बाबा," मी म्हणाले. आणि सांगणारच होते. हो म्हणणार होते!

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात आले शेषराव. येऊन स्टुलावर असे बसले, की स्टूल बोललं.

"पंचवीस वर्षं, पोरी!" ते म्हणाले. "पंचवीस वर्षं घासली म्या. अन् कोनी इचारते काय? न्हाव्याकडे गेलो, त थो म्हणते, काका, त्या जोडप्याचं पुढं काय झालं? माहा सत्कार व्हता का त्यायचं लगन व्हतं?"

"चुकलं, काका."

"तुहं काय चुकलं? भगवंतरावनं त दुसऱ्याच दिवशी त्याले तुह्याकडे धाडलं. म्हणे, नागपूरच्या तपासणीवाल्या साहेबाच्या कानावर गेलं त ब्यांकेचं नाव जाईन, जाय अन् मागणी घाल..."

पुढचं मला ऐकूच आलं नाही. धाडलं होतं! म्हणजे ते 'तयार आहो' सुद्धा त्यांचं नव्हतं. आणि रोजची फुलं? तीही भगवंतरावांच्या हुकमानंच?

मी पदर खोचला. "काका, दुकान पाहा."

"आँ? म्या?"

पंचवीस वर्षांच्या खजांचीला शेवंतीच्या ढिगात बसवून मी तरातरा बँकेत शिरले.

बँकेत गर्दी होती. जाळीपलीकडे जानराव मान खाली घालून लिहीत होते. मला पाहिलं आणि चेहरा असा खुलला... त्या चेहऱ्याचाही मला राग आला.

"तुमाले भगवंतरावनं धाडलं व्हतं?" मी सगळ्यांदेखत विचारलं.

जानरावांच्या हातातून टाक पडला. रांगेतले लोक वळून पाहू लागले. भगवंतराव कपाळावर चष्मा चढवून खोलीतून बाहेर आले.

जानराव नाही म्हणू शकले असते. मी विश्वासही ठेवला असता.

"हो," जानराव म्हणाले. "पयल्या दिवशी... हो."

"अन् दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी नाई."

"मंग कोनं धाडलं?"

"कोनीच नाई. मीच येत व्हतो."

"कावून?"

ते उठून उभे राहिले. कान लाल झाले होते. "पयल्या दिवशी नोकरीचं भेव वाटलं म्हणून आलो. खोटं नाई बोलत. पण तुमी असं झाडलं मले... अन् परत जाता जाता मी हसून राहिलो व्हतो, शकुन. एकटाच, रस्त्यानं. मोर्शी सोडल्यापासून हसलोच नव्हतो मी. मंग... रोज सकाळची वाट पाहाले लागलो. रोज ठरवून निघो, का आज इचारतो. पण एक खेप नाई म्हणून बसल्या तुमी. पुन्हा नाई म्हणल्या असत्या त... फुलं घ्याले याचंही तोंड राह्यलं नसतं."

बाई गं! म्हणजे मी ज्या भीतीनं गप्प होते, त्याच भीतीनं हा माणूसही रोज पुडी घेऊन मुकाट परत जात होता.

"रविवारी अमरावतीचे पाहुणे येऊन राहिले," माझा आवाज उतरला होता. "मले पाहाले."

जानराव जाळीच्या बाजूच्या दारानं बाहेर आले.

"जानराव, कामाची वेळ आहे—" भगवंतराव म्हणाले.

"चूप बसा जी, भगवंतराव!" रांगेतून मनकर्णामावशी खेकसली. ती सभासद होती, तिला अधिकार होता.

जानराव माझ्यासमोर येऊन थांबले. "गाव काय म्हणते, ब्यांक काय म्हणते, मले काही घेणं नाई. मले तू पाहिजे, शकुन. करशीन माह्यासंगं लगन?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं... आणि शब्दच फुटेना! मी, जिच्या जिभेला अख्खी जठारपेठ टरकून असते! डोळे भरले. मी नुसती मान हलवली.

"काय म्हणली?" मनकर्णामावशी मागून ओरडली. "मान उभी हालवली का आडवी? मले दिसत नाई ना बापा!"

मी पुन्हा हलवली.

तेव्हा हे माझे जानराव, जे कधी धड एक वाक्य न अडखळता बोलले नव्हते, मागे वळले आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असे ओरडले, "हो म्हणली, मावशे! हो म्हणली!"